तलावात मासोळी किती उरली, हे कसं ओळखायचं

आमच्या मच्छीमार संस्थेच्या सभेत दरवर्षी होळीच्या आसपास एकच प्रश्न निघतो. "तलावात मासोळी बरी आहे का?" मागून कोणीतरी ओरडतो, "बरी नाही त काय जी, मागच्या शनिवारी दोन क्विंटल निघाली!" झालं. चहा येतो, सभा संपते.

दोन क्विंटल एका ओढीत निघाली की सहा ओढींत? आठ जणांनी ओढलं की सोळा जणांनी? किलोला दोन नग होते की सात? हे कोणी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारत नव्हतो.

मी या संस्थेचा सचिव. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला आमचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला, माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या, जमीनदाराच्या ताब्यातला, म्हणून मामा तलाव. जातीने ढिवर, त्यामुळे जाळं हातात पाळण्यापासूनच. पण विशीत असताना दोन हंगाम रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या बंदरातून सुटणाऱ्या ट्रॉलरवर खलाशी होतो. तिथे बंदरावर एक माणूस यायचा. काखेत वही, हातात मोजपट्टी ठोकलेली फळी. बोट लागली की तो तांडेलाला "किती मासळी?" असं कधी विचारायचा नाही. आधी विचारायचा, "किती तास ओढलं? किती वाव पाण्यात?" मग एक टोपली बाजूला ओढून त्यातला एकेक मासा फळीवर ठेवून लांबी लिहायचा. अर्धा तास. मला वाटायचं, या माणसाला दुसरा धंदा नाही. आता तोच धंदा मी तलावाच्या पाळीवर करतो, आणि लोक माझ्याकडे तसंच बघतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मासोळीची तब्येत वेगळी आणि साठ्याची तब्येत वेगळी. जाळ्यात आलेली रोहू तुकतुकीत, गलफडं लालबुंद, तरी साठा खलास झालेला असू शकतो. उलट दोन-चार मासोळ्यांना चट्टे दिसले म्हणून तलाव बुडाला असंही नाही. साठा म्हणजे पाण्यात एकूण किती आहे, कोणत्या वयाची आहे, मागून नवी येते आहे का, आणि आपण काढतो ती त्यापेक्षा भरभर तर नाही ना. समुद्रातल्या ट्रॉलरच्या मासळीलाही हेच चार प्रश्न, आपल्या तलावालाही हेच. फरक एवढाच की समुद्राला पाळ नाही. आपल्याला आहे, म्हणून आपलं काम सोपं.

आधी ओढ मोजा, मग किलो

संस्थेच्या वहीत किलो आणि रुपये असतात. त्यात मेहनत लिहा. आमच्याकडे मेहनतीचं माप "एक ओढ": तेच महाजाल, तीच लांबी, तोच आस (जाळ्याच्या डोळ्याचं माप), तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या बाजूने टाकायचं आणि सलंगीच्या, म्हणजे सांडव्याच्या बाजूला काढायचं, सकाळी उन्हं वर यायच्या आत. टांगतं जाळं लावत असाल तर "एक जाळं, एक रात्र" हे माप धरा. माप कोणतंही असो, मध्येच बदलू नका. वहीतली ओळ अशी दिसते:

14 डिसेंबर. महाजाल, दीड इंची आस. 3 ओढी, 11 माणसं. पाणी दुसऱ्या खुणेवर. रोहू 46, कटला 31, मृगळ 22, सायप्रिनस 9, मरळ 2 किलो.

एकूण 110 किलो, भागिले 3 ओढी, म्हणजे ओढीमागे साधारण साडेछत्तीस. हा आकडा दरवर्षी त्याच महिन्यात काढायचा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायचा. महाजाल नवीन घेतलं, लांब घेतलं, तर ते साल वेगळं लिहा. मोठ्या जाळ्याने जास्त धरलं म्हणून तलाव सुधारत नाही.

आता "पाणी दुसऱ्या खुणेवर" का लिहायचं, ते. हे मी फटका खाऊन शिकलो.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. धानाला पाणी सोडलं आणि एप्रिलपर्यंत तलाव आक्रसून पाळीपाशी एक डबकं राहिलं. त्या डबक्यात महाजाल ओढलं की जाळं उचलेना. डिसेंबरात जेवढी निघायची त्याच्या तिप्पट. पोरं नाचायला लागली. मी स्वतः सभेत उभा राहून सांगितलं की यंदासारखी मासोळी दहा वर्षांत नव्हती. आम्ही ओढतच राहिलो, मे संपेपर्यंत. पुढच्या हिवाळ्यात ओढीमागे टोपलीचा तळ झाकेना. मरळ तर दोन वर्षं डोळ्याला दिसली नाही. मासोळी वाढली नव्हतीच, पाणी कमी झालं होतं. तेवढीच मासोळी छोट्या जागेत दाटली होती आणि आम्ही त्या दाटीला भरभराट समजलो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासळीचं असंच झालं, आमच्यापेक्षा हजारपट मोठं. मासळी घटत होती, पण उरलेली दाट थव्यांनी एकत्र येत होती आणि थवे हुडकायची यंत्रं ट्रॉलरवर होती. त्यामुळे ट्रॉलरची तासामागची पकड चांगलीच दिसत राहिली. 2 जुलै 1992 ला सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली, सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. हे वाचलं तेव्हा मला आमचं डबकंच आठवलं.

म्हणून तुडुमाच्या दगडावर तैलरंगाने तीन खुणा करा. पाणी ज्या खुणेवर असेल ती लिहा आणि ओढीचा आकडा त्याच खुणेवरच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. डिसेंबरच्या पाण्यातली ओढ डिसेंबरच्या पाण्याशी. मे महिन्यातल्या ओढी विकायला असतात, तुलनेला नसतात.

फळी

लांबी मोजायला दुकानातून काही आणायची गरज नाही. माझी फळी जुन्या दाराची आहे, अडीच फूट. एका टोकाला आडवी पट्टी ठोकली आहे. तिला मासोळीचं थोबाड टेकतं. लोखंडी टेप तुटला होता, त्याचा तुकडा शून्यापासून फळीवर बसवला. खिळ्यांची डोकी आत ठोकून घ्या, नाहीतर मृगळाचे खवले त्यात अडकतात आणि मासोळी फडफडून हाताला काटा मारते. फळी ओली करूनच मासोळी ठेवा. परत सोडायची असेल तर कोरड्या लाकडावर तिचा बुळबुळीतपणा निघून जातो आणि पुढे त्याच जागी चट्टा धरतो.

तोंड मिटलेलं, थोबाड पट्टीला टेकलेलं, शेपूट बोटांनी हलकेच मिटवून टोकापर्यंत. ही पूर्ण लांबी. काही जण शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात. तेही चालतं, पण दोन्ही एका वहीत चालत नाही. पहिल्या वर्षी मी टोकापर्यंत मोजलं आणि माझ्या पुतण्याने बेचक्यापर्यंत. वहीत कोणाची ओळ कोणती, ते लिहिलं नव्हतं. दोनशे मासोळ्यांची मेहनत चुलीत.

कोणत्या मासोळ्या मोजायच्या? इथे सगळे फसतात. हात आपोआप मोठीकडे जातो. मोठी दिसायला चांगली, मोजायला सोपी, फोटोलाही बरी. तसं करू नका. ढिगातून डोळे मिटून एक टोपली भरा आणि त्या टोपलीतली प्रत्येक मोजा, बोटाएवढीसुद्धा. रोहू, कटला, मृगळ यांच्या प्रत्येकी शंभरेक मोजल्या तर चित्र स्पष्ट येतं. मरळ, शिंगी, मांगूर, वाम कमी येतात, त्या जितक्या येतील तितक्या सगळ्या मोजा.

आणि हेही ध्यानात असू द्या की जाळं जेवढं धरतं तेवढंच सांगतं. दोन इंची आसातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, निघून जाते, म्हणून तलावात बोटुकली नाही असं होत नाही. मोजणीच्या दिवशी एक ओढ बारीक आसाची करा, बघा, मोजा आणि बारीक मासोळी लगेच पाण्यात सोडा. त्या ओढीचे किलो वहीच्या हिशेबात धरू नका.

ज्यांना फळीचा कंटाळा आहे त्यांनी निदान "किलोला किती" हे तरी लिहावं. माझी आत्या चाळीस वर्षं आठवडी बाजारात मासोळी विकते आहे. तिला लिहिता येत नाही, पण कोणत्या वर्षी रोहू किलोला दोन बसत होती आणि कोणत्या वर्षी पाच, हे ती घरातल्या लग्न-बारशांच्या हिशेबाने सांगते. "तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या साली तीन होती बापा, मग बारीकच झाली." तिचं बोलणं मी वहीशी लावून पाहिलं. वही सुरू झाल्यापासूनच्या सालांत ती एकदाही चुकली नाही.

चौकटीच्या कागदावर

शाळेच्या वहीतला चौकटीचा कागद घ्या. खाली लांबी, दोन-दोन सेंटीमीटरचे गट: 20 ते 22, 22 ते 24 असे. प्रत्येक मासोळीसाठी त्या गटावर एक चौकट काळी करा. शंभर झाल्या की कागदावर टेकड्या दिसतात.

कटला-रोहूच्या बाबतीत एक टेकडी म्हणजे बहुतेक एका वर्षी सोडलेलं बीज. मागच्या पावसाळ्यातली बोटुकली एक टेकडी, त्याच्या आधीच्या सालची त्याच्या उजवीकडे दुसरी. आता वाचायला शिका.

मधली टेकडीच नाही? मग त्या वर्षीचं बीज मेलं, सलंगीवरून वाहून गेलं, पाणकावळ्यांनी नेलं, किंवा ते मुळात आलंच नव्हतं. शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका. एकदा आम्हाला दहा हजार बोटुकली म्हणून जी पिशव्यांत आली, ती मी एका वाटीत मोजली आणि वाट्यांनी गुणली. सहा हजारांच्या वर आकडा जाईना. तेव्हापासून बीज वाटीने मोजून घेतो आणि त्यातली शंभरेक हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, एक रात्र ठेवतो. सकाळी किती जिवंत आहेत ते मोजलं की बाकीच्यांचाही अंदाज येतो.

टेकडी डिसेंबरात जिथे होती तिथेच पुढच्या डिसेंबरात? मासोळी वाढत नाही. एक तर गर्दी झाली आहे, नाहीतर खायला नाही. कटला वरच्या थरातले बारीक जीव खाते, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिघींपैकी एकीचीच टेकडी अडली असेल तर तिच्याच थरात काहीतरी बिघडलं आहे. आमच्याकडे बेशरमाची झुडपं आणि गाळ वाढला तेव्हा मृगळ अडली होती, कटला नाही.

उजवीकडचा भाग कापल्यासारखा सपाट, एका लांबीपुढे मासोळीच नाही? आपण ती लांबी गाठली की उचलतो आहोत. कटला-रोहूच्या बाबतीत हे चालेल, कारण थांबलेल्या पाण्यात त्या सहसा अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर बीज विकत आणावं लागतं. ते बीज मिळतं ते 1957 च्या 10 जुलैला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरींनी मासोळीला पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालवली म्हणून. त्याच्याआधी नदीतून जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, गोळा करावे लागत. तेव्हा कटला-रोहूचा हिशेब दुकानासारखा आहे: किती घातलं, किती जगलं, किती वजनाचं झालं. फक्त लहानपणी मारू नका. पाव किलोची रोहू आज विकली तर पाव किलोचा भाव. तीच पुढच्या हिवाळ्यात, तलाव बरा असेल तर, तिप्पट-चौपट वजनाची.

मरळीचं तसं नाही.

ज्यांचं बीज विकत मिळत नाही त्यांचं काय

मरळ, शिंगी, मांगूर, वाम, कटवा. या आपल्या तलावाच्या स्वतःच्या. यांना कोणी सोडलेलं नाही, त्या इथेच वाढतात, इथेच अंडी देतात. यांचा हिशेब समुद्रातल्या मासळीसारखाच करावा लागतो: आई उरली तर पिल्लं.

जर्मनीचे रायनर फ्रोझ नावाचे मत्स्यशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 2004 साली यासाठी तीन सोपे प्रश्न मांडले आणि ते समुद्रासाठी असले तरी आपल्याला शंभर टक्के लागू पडतात. पहिला, पकडलेल्यांपैकी किती जणींनी निदान एकदा तरी अंडी दिली असतील? उत्तर जितकं शंभराच्या जवळ तितकं बरं. दुसरा, किती मासोळ्या भरपूर वजन देतील अशा मधल्या लांबीच्या आहेत? तिसरा, खूप मोठ्या, जुन्या आया किती? या जुन्या आया अंडी भरपूर देतात, त्या जाळ्यात येऊ न देणं सर्वांत चांगलं. त्यांना वाचवायचा काहीच नियम नसेल आणि तरी पकडीत त्या एकही दिसत नसतील, तर त्या पाण्यातही नाहीत.

पहिल्या प्रश्नासाठी आपल्या तलावातली मरळ किती लांबीला पिकते हे कळायला हवं. पुस्तकातला आकडा घेऊ नका, बाजारात बसा. जून-जुलैत आत्या मासोळी कापते तेव्हा मी शेजारी फळी घेऊन बसतो. कापण्याआधी लांबी, कापल्यावर पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, आहे की नाही. लांबी, हो. लांबी, नाही. पन्नासेक झाल्या की दिसतं, एका लांबीखाली जवळपास सगळ्या "नाही" आणि तिच्यावर निम्म्याहून जास्त "हो". ती लांबी फळीवर लाल रंगाने आडवी आखून टाका. माझ्या फळीवर मरळीची रेघ आहे, शिंगीची आहे, मांगुरची अजून झाली नाही, कारण मांगूर तेवढी येतच नाही. हेही एक उत्तरच आहे.

मग मोजणीच्या दिवशी रेघेच्या आत किती आणि बाहेर किती, एवढंच मोजायचं. दहा मरळींपैकी सात रेघेच्या आत असतील तर आपण आई व्हायच्या आधीच लेकी नेतो आहोत.

मरळीची आणखी एक मोजणी आहे, तिला जाळंही लागत नाही. पावसाळ्यात सकाळी पाळीवरून चाला आणि काठच्या चिला-चौऱ्यात, म्हणजे पाणवनस्पतींत, बघा. पाणी एका ठिकाणी बारीक उकळल्यासारखं हलतं. जवळ गेलात की तांबूस-नारिंगी पिल्लांचा गोळा दिसतो, शेकडो, एकदम वर येतात, एकदम खाली जातात. त्यांच्या खाली, सावलीसारखी, आई-बाप. थोडं थांबा, काळं डोकं वर येईल, हवा घेईल आणि जाईल. असे गोळे एका फेरीत किती दिसले ते लिहा, दरवर्षी तीच वाट, तोच आठवडा. आमच्या डबक्याच्या सालानंतर दोन पावसाळे मला एकही गोळा दिसला नाही. तिसऱ्या वर्षी एक दिसला. त्या दिवशी मी घरी येऊन ते दोनदा सांगितलं, बायको म्हणाली कळलं जी.

गोळ्यापाशी गळ टाकला की आई-बाप हमखास लागतात, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ते तोंड टाकतात. लहानपणी मीही टाकला आहे. दोन मरळी मिळतात आणि मागे राहिलेला अख्खा गोळा कटव्यांच्या पोटात जातो.

तिलापिया किंवा परदेशी मोठा मांगूर जाळ्यात दिसायला लागला तर त्यांचा वेगळा रकाना करा. तो मांगूर पाळायला देशात बंदी आहे, पण पुराने कुठून कुठे येतो सांगता येत नाही. त्यांचे किलो एकूण पकडीत मिसळले तर वही चांगली दिसते आणि तलाव बिघडत जातो.

एकूण किती? दोन युक्त्या

सभेला शेवटी आकडाच हवा असतो. दोन रीती आहेत.

पहिली, उपसण्याची. तलावाचा एक कोपरा आडजाळ्याने बंद करा आणि त्यात तेच महाजाल लागोपाठ ओढा. समजा पहिल्या ओढीत 90 किलो, दुसरीत 60. पहिल्याचा वर्ग करा: 8100. दोघांतला फरक 30. भागाकार 270 किलो. म्हणजे त्या कोपऱ्यात ओढायच्या आधी अंदाजे 270 किलो होती. पडताळा तिसऱ्या ओढीने घ्या, ती 40 च्या आसपास आली पाहिजे. एकदम 15 आली, तर मासोळी संपली म्हणून नाही, शहाणी झाली म्हणून. कटला जाळ्यावरून उडी मारते, हे सगळ्यांना माहीत आहे. मृगळ आणि सायप्रिनस तळाच्या गाळात थोबाड खुपसून जाळं अंगावरून जाऊ देतात, हे तळाला पाय लावून चालणाऱ्यालाच माहीत. म्हणून तळाच्या दोरीवर वजन नीट बसलं आहे का ते आधी बघा आणि हा हिशेब जातवार करा. मृगळाचा आकडा यात नेहमी कमीच येतो असं धरून चाला.

दुसरी, खुणेची. डेन्मार्कच्या पीटरसन यांच्या नावाने ती ओळखली जाते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून. समजा तुम्ही 150 रोहू पकडल्या, पोटाखालच्या एका पराचा कोपरा कात्रीने कापला आणि सोडून दिल्या. दहा दिवसांनी तलावाच्या वेगवेगळ्या भागांत ओढून 240 पकडल्या, त्यात 18 खुणेच्या निघाल्या. 150 गुणिले 240, भागिले 18. दोन हजार रोहू.

हे हिवाळ्यात करा, पहाटे, थंड पाण्यात. एप्रिलमध्ये हाताळलेली मासोळी नंतर मरते, मग खुणेची कमी सापडते, आणि भागाकार उगाच फुगतो. तलावात नसलेली मासोळी कागदावर दिसते. खुणेच्या दहाच्या आत सापडल्या तर त्या आकड्यावर कर्ज काढू नका. आणि गावात दवंडी द्या. आमच्याकडे पहिल्या वेळी पर कापलेली मासोळी बघून बाजारात गिऱ्हाईक म्हणाले, "हिला काय रोग आहे?" आणि आत्याची निम्मी टोपली परत आली.

भरलेली की वाळलेली

लांबीसोबत वजन घेतलं तर आणखी एक गोष्ट कळते. वजन ग्रॅममध्ये, गुणिले शंभर, भागिले लांबी गुणिले लांबी गुणिले लांबी, सेंटीमीटरमध्ये. 40 सेंटीमीटरची रोहू 800 ग्रॅम भरली तर 1.25 येतं. 35 सेंटीमीटरची 430 ग्रॅम, तर 1 च्या आसपास. पहिली भरलेली, दुसरी डोक्याने मोठी आणि अंगाने वाळलेली. रोहूची तुलना रोहूशीच करा. वामीचा आकडा काढून ती कुपोषित आहे म्हणाल तर हसं होईल. तीसेक मासोळ्यांची सरासरी काढा, एकटीवरून बोलू नका.

रोगाचं थोडक्यात: हिवाळ्यात मरळीच्या अंगावर लाल, खोल चट्टे दिसले तर किती जणींना आहेत ते मोजा आणि मत्स्य विभागाला कळवा. पहाटे मासोळी पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे, त्या दिवशी जाळं टाकू नका. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का बघा. हिरवट पाण्यात तळवा नुकताच दिसेनासा होत असेल तर कटलेला खायला आहे. गाळाने दिसेनासा होत असेल तर ते खाणं नव्हे.

सभेत काय सांगायचं

मी आता फळ्यावर तीनच ओळी लिहितो. त्याच खुणेच्या पाण्यात ओढीमागे किलो: मागच्या वर्षी, यंदा. टेकड्या किती आणि सरकल्या की नाही. मरळीच्या रेघेच्या बाहेर किती.

तिन्ही बऱ्या, तर नेहमीसारखं ओढा. ओढीमागचे किलो कमी पण टेकड्या सरकताहेत, म्हणजे बीज कमी पडलं, पुढच्या पावसाळ्यात वाटीने मोजून वाढवा. किलो चांगले पण टेकड्या अडलेल्या, तर बीज वाढवू नका, आधी थोडी मासोळी काढून गर्दी कमी करा, गाळ-बेशरम बघा. मरळीच्या रेघेच्या आतच सगळ्या, तर बाकी काहीही असो, जाळ्याचा आस वाढवा आणि पहिला पाऊस पडला की येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी येतं त्या वाटेच्या, तोंडावर जाळं लावणं बंद. समुद्रात पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, ते कायद्याने. आमच्याकडे ते सभेच्या ठरावाने आहे. पहिल्या वर्षी ठराव मोडणारा माझाच चुलतभाऊ निघाला. त्याच्याकडून दंड घेतला, त्याने तो वर्षभर सगळ्यांना ऐकवला, पण पुढच्या वर्षी येव्यावर जाळं नव्हतं.

शेजारच्या गावच्या संस्थेने फळी मागितली आहे. देईन, पण मरळीच्या लाल रेघेवर कागद चिकटवून. ती रेघ आमच्या तलावाची आहे. त्यांच्या तलावाची त्यांनी आपल्या बाजारात बसून काढावी.